‘दर्जासुधारणा म्हणजे संशोधन नव्हे, परवानगी कशाला?’ : खुलासा

कर्नाटकातल्या खानापूर-निपाणीकडच्या रुग्णालयांत हा समज अजून ऐकू येतो. तो अर्धाच खरा आहे. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०१७ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार रुग्णालयाच्या अंतर्गत दर्जा-तपासणीला या परवानगीतून सूट मिळू शकते. पण ती सूट नैतिकता समितीनं (माणसांवरच्या संशोधनाचे प्रस्ताव तपासणाऱ्या समितीनं) द्यायची, आपली आपण घ्यायची नाही.

परिचारिका साबणानं ४० ते ६० सेकंद हात धुतात का, हे नावं न लिहिता मोजणं वेगळं. चिठ्ठ्या टाकून निम्म्या बाळंतिणींना जुनं ड्रेसिंग, निम्म्यांना नवं दिलं, की तो प्रयोगच झाला. तिथे आधी मंजुरी, मग संमती. मराठी बाईपुढे तिला न कळणारा कन्नड कागद ठेवून अंगठा उठवणं ही संमती नव्हेच! तिला वाचता येत नसेल तर मजकूर मराठीतून वाचून दाखवायचा, शंका विचारू द्यायच्या आणि निःपक्ष साक्षीदाराची सही घ्यायची. अभ्यासात काम करणारा माणूस साक्षीदार चालत नाही.