बोलायचं की गायचं? फ्रेंच ऑपेरेटाच्या एका जुन्या वादाची पार्श्वभूमी

आज फ्रान्समध्ये एखादा संगीतकार आणि एखादा लेखक मिळून नवी ऑपेरेटा, म्हणजे हलकीफुलकी विनोदी संगीतिका, रचायला बसले, की पहिला खटका बहुधा संवादांवरून उडतो. दोन गाण्यांच्या मधे पात्रांनी बोलायचं, की सगळं गाऊनच सांगायचं? बोलायचं ठरलं तर बोलणार कोण, गाता येणारा नट की बोलता येणारा गायक? बाहेरच्याला हा प्रश्न किरकोळ वाटतो. कॅनकॅन, शॅम्पेन आणि दाराआड लपलेला प्रियकर जमला की ऑपेरेटा झाली, असा सर्वसाधारण समज. पण या प्रकाराची घडणच मुळात रंगमंचावर बोलायची परवानगी कुणाला आणि गायची कुणाला, या भांडणातून झाली आहे.

अठराव्या शतकाचा भाग लवकर उरकता येईल. पॅरिसच्या जत्रांमध्ये खेळ करणाऱ्या मंडळ्या तेव्हा दोन मक्तेदारांच्या कात्रीत सापडल्या होत्या. फ्रेंच गद्य नाटकाचा मक्ता एका राजाश्रयी संस्थेकडे, गाण्याचा दुसरीकडे. १७१० च्या सुमारास बोलण्यावर बंदी आली तेव्हा नट पदं लिहिलेले फलक दाखवत आणि ओळखीच्या चालीवर प्रेक्षकच ती पदं म्हणत. पुढे गाण्याचा मक्ता असलेली संस्था पैशाच्या ओढाताणीत आली आणि तिने जत्रेतल्या मंडळींना गाण्याचा हक्क चक्क विकला. त्यातून ऑपेरा-कॉमिक हा प्रकार रुजला. आपल्या संगीत नाटकासारखी त्यात गद्य आणि पदं यांची आलटून-पालटून मांडणी असते. त्यातल्या ‘कॉमिक’वर फार विसंबू नये. १८७५ चं ‘कार्मेन’ हे ऑपेरा-कॉमिकच, आणि त्यात शेवटी नायिकेचा खून होतो.

नेपोलियनने १८०७ मध्ये पॅरिसमधली नाट्यगृहं आठावर आणली आणि कुणी कोणत्या प्रकारचे खेळ करायचे तेही ठरवून दिलं. त्याच्या पश्चात संख्या वाढत गेली, पण परवान्याची पद्धत राहिली. या परवान्यांनी केलेलं काम मला अनेक संगीतकारांच्या प्रतिभेपेक्षा मोठं वाटतं.

५ जुलै १८५५. पॅरिसमध्ये जागतिक प्रदर्शन भरलेलं, शांझेलिझे या हमरस्त्यावर गर्दीचा पूर. अशा वेळी संगीतकार जाक ऑफेनबाखने तिथल्या एका इवल्याशा नाट्यगृहात आपला पहिला खेळ लावला. सरकारी अट अशी की खेळ एका अंकाचे हवेत आणि बोलणारी-गाणारी पात्रं फार तर तीन. त्या रात्री सगळ्यात जास्त गाजलं ते दोन भिकाऱ्यांचं प्रहसन. पुलावरच्या मोक्याच्या जागेसाठी भांडणारे, आंधळे असल्याचं सोंग करणारे दोघे. परवान्यात मावेल एवढीच गोष्ट, तरी त्यात अख्खं शहर दिसावं. हिवाळ्यात बिऱ्हाड मध्यवस्तीतल्या मोठ्या नाट्यगृहात हललं, पुढे पात्रांची मर्यादा तीनाची चार झाली.

१८५६ मध्ये ऑफेनबाखने तरुण संगीतकारांसाठी स्पर्धा जाहीर केली आणि सोबत एक लांबलचक टिपण छापलं. ऑपेरा-कॉमिक आता भारदस्त झालं आहे, वाद्यवृंद फुगला आहे, मूळचा हलकेपणा आणि चटपटीतपणा हरवला आहे, अशी त्यातली तक्रार. ७८ प्रवेशिका आल्या. बक्षीस दोघांत विभागून दिलं गेलं आणि एप्रिल १८५७ मध्ये एकाच संहितेवरच्या दोन वेगवेगळ्या स्वररचना लागोपाठ सादर झाल्या. विजेत्यांपैकी एक अठरा वर्षांचा बिझे, म्हणजे पुढचा ‘कार्मेन’कार. दुसरा लकोक, पुढे ऑफेनबाखचाच सगळ्यात मोठा प्रतिस्पर्धी. नव्या ऑपेरेटाची गरज मांडणारा हा बहुधा पहिला जाहीर दस्तऐवज. जुन्या साधेपणाकडे परत चला, हीच त्याची हाक होती, ही गंमत आजही ध्यानात ठेवण्यासारखी आहे. परंपरेच्या नावाने नवं काही करण्याची खोड या प्रकाराला जन्मापासून आहे.

१८५७ च्याच फेब्रुवारीत ऑफेनबाखचं ‘क्रोकफेर’ आलं. परवानगी चार पात्रांची, गोष्टीला हवीत पाच. म्हणून पाचव्या सरदाराची जीभ लढाईत कापली गेल्याचं ठरलं आणि तो फलक दाखवून, मधूनच भुंकून, आपलं म्हणणं मांडू लागला. प्रेक्षकांना सरकारची टिंगल लगेच कळली. जत्रेतले फलक दीडशे वर्षांनी परत आले होते. १८५८ मध्ये पात्रांच्या संख्येची अट सुटली आणि ऑक्टोबरात ‘ऑर्फे ओझांफेर’ (‘पाताळातला ऑर्फियस’) रंगमंचावर आलं. कंटाळलेले देव, व्हायोलिन शिकवणारा ऑर्फियस, त्याच्या वादनाला विटलेली बायको. देवांच्या बंडात ‘मार्सेयेझ’ या क्रांतिगीताची धून डोकावते. ते गीत तेव्हाच्या सम्राटाच्या, तिसऱ्या नेपोलियनच्या, राज्यात जवळपास निषिद्धच होतं. एका वजनदार समीक्षकाने प्राचीनतेची विटंबना म्हणून झोड उठवली. मग उघड झालं की ज्या उताऱ्यावर प्रेक्षक सर्वाधिक हसत होते तो त्याच समीक्षकाच्या सदरातून उचललेला होता. तिकीटविक्री वाढली हे सांगायला नकोच.

जानेवारी १८६४ च्या हुकमाने नाट्यगृहं मोकळी झाली आणि त्याच वर्षी डिसेंबरात ‘ला बेल एलेन’ (‘सुंदर हेलन’) आलं. सेन्सॉर मात्र शिल्लक होता, १९०६ पर्यंत. १८६७ च्या प्रदर्शनात गाजलेल्या ‘ग्रांद-द्युशेस’च्या (‘ग्रँड डचेस’, म्हणजे एका संस्थानाची राणी) नावापुढे ‘जेरोलस्टाइनची’ हे काल्पनिक संस्थान त्याच्याच आग्रहाने चिकटवलं गेलं, कुणा खऱ्या राजघराण्याला आपल्यावर टीका वाटू नये म्हणून.

आता मूळ वादाकडे येऊ. त्याचं सगळ्यात ठळक उदाहरण ऑफेनबाखचंच १८६६ चं ‘ला व्ही पारिझियेन’ (‘पॅरिसचं जीवन’). ते ज्या नाट्यगृहात झालं तिथली नटमंडळी गद्य प्रहसनात तरबेज होती, गाण्यात बेताची. खरी गायिका म्हणून एकीला मुद्दाम बाहेरून आणावं लागलं. तालमींमध्ये जे झेपेना ते कापलं गेलं आणि चौथ्या-पाचव्या अंकातलं पुष्कळ संगीत बाजूला पडलं. प्रयोग तुफान चालला. १८७३ मध्ये पाच अंकांचे चार झाले आणि जगभर बहुतेक तेच रूप फिरलं.

नोव्हेंबर २०२१ मध्ये रुआँ इथे आणि मग पॅरिसमध्ये याच ऑपेरेटाचा पाच अंकांचा प्रयोग झाला, तालमीआधी ऑफेनबाखने लिहिलेलं संगीत हस्तलिखितांवरून जुळवून. कापलेल्या जागा प्रथमच ऐकायला मिळाल्या आणि त्यातल्या काही खरोखर देखण्या आहेत. तरी या उपक्रमाभोवती ‘अस्सल’ हा शब्द इतक्या सहजपणे वावरू लागला की थबकावंसं वाटतं. संगीतकाराने कागदावर जे मागितलं ते अस्सल, की नटांच्या गळ्यांशी तडजोड करून लोकांसमोर जे उभं राहिलं ते? संशोधकांच्या बाजूने सांगण्यासारखं बरंच आहे. ऑफेनबाखच्या छापील प्रतींची अवस्था वाईट होती, परदेशी आवृत्त्यांमध्ये कुणीही काहीही घुसडलं होतं, आणि गेल्या पाव शतकात चाललेल्या संपादनामुळे निदान कशाला हात लावतो आहोत हे तरी दिग्दर्शकाला कळतं. हे मान्य. पण ऑपेरेटात तालीम हीसुद्धा लेखनाचीच पायरी असते. ऑफेनबाख तालमीत कापायचा, बदलायचा, पहिल्या प्रयोगानंतरही हात चालू ठेवायचा. हे कापणं म्हणजे हार मानणं, असं धरून चाललं तर नव्या रचनाकाराने यातून काय शिकायचं?

संवादांचा तंटा याच्याच शेजारचा. १९९७ चं ल्यों-जिनिव्हातलं ‘ऑर्फे’ आणि २००० सालचं पॅरिसमधलं ‘ला बेल एलेन’ यांनी ऑफेनबाखला पुन्हा प्रतिष्ठेच्या रंगमंचावर बसवलं. दोन्हींचे संवाद नव्याने बेतलेले होते. दुसऱ्यात तर एलेन ही आजच्या काळातली वैतागलेली गृहिणी, आणि पुढचं सगळं तिचं स्वप्न. तेव्हापासून गाणी जशीच्या तशी ठेवायची आणि गद्य नवं लिहायचं हा जवळजवळ शिरस्ताच झाला. समर्थनही सोपं आहे. दुसऱ्या साम्राज्यातली, म्हणजे तिसऱ्या नेपोलियनच्या राजवटीतली, कर्जं, मंत्री, नट्यांची प्रकरणं आज कुणाला ठाऊक? आणि त्या काळचे नटसुद्धा पदरचं घालतच होते.

तरीही यात नुकसान होतं. ‘ला बेल एलेन’च्या पहिल्या अंकात राजांची बुद्धिचातुर्याची स्पर्धा आहे. कोड्याचं उत्तर ‘आगगाडीचं इंजिन’ असं निघतं आणि रेल्वेचा शोध लागायच्या चार हजार वर्षं आधी हे ओळखलं म्हणून शाबासकी मिळते. हा विनोद अजून ताजा आहे, त्याला तळटीप लागत नाही. शिवाय गद्य आणि गाणं यांची वीण फार बारीक असते. गाण्याआधीच्या शेवटच्या वाक्याची गती गाण्याची लय ठरवते. याच अंकात राजे एकेक करून स्वतःची ओळख करून देतात तेव्हा ऑफेनबाख शब्दाची शेपटी तोडून तीच पुन्हा पुन्हा गायला लावतो आणि भारदस्त राजा क्षणात बावळट दिसतो. भाषेच्या बोली ठेक्यावर कान असेल तरच असली थट्टा साधते. दूरदर्शन-मालिकेच्या थाटाचं सैल गद्य मधे घातलं की गाणी वेगळी पडतात आणि संध्याकाळ एखाद्या गाण्यांच्या मैफलीसारखी वाटू लागते.

१८७० चं प्रशियाविरुद्धचं युद्ध हरल्यावर हवा पालटली. ‘ग्रांद-द्युशेस’वर बंदी आली, लष्कराची टिंगल कुणाला पचेना. १८७४ मध्ये ऑफेनबाखने ‘ऑर्फे’ फुगवून चार अंकांचं केलं. भारदस्तपणाविरुद्ध टिपण लिहिणाराच भपक्याकडे वळला होता, आणि वर्षभरात त्याच्या नाट्यगृहाचं दिवाळं निघालं. लोकप्रियतेचं माप आता लकोककडे झुकलं. त्याच्या ‘मादाम आंगोच्या मुली’चा पहिला प्रयोग डिसेंबर १८७२ मध्ये ब्रुसेल्सला झाला. गोड, प्रेमळ, घरंदाज ऑपेरेटाचे दिवस सुरू झाले. संगीतकार शाब्रिएच्या १८७७ च्या ‘लेत्वाल’ने वाद्यवृंदाला इतकं नाजूक काम दिलं की नाट्यगृहातल्या वादकांची तारांबळ उडाली.

विसावं शतक मला याहून महत्त्वाचं वाटतं, आणि त्याबद्दल बोललं जातं त्यापेक्षा कमी. युद्धविराम झाला ११ नोव्हेंबर १९१८ ला आणि ‘फी-फी’ या ऑपेरेटाचा पडदा उघडला दुसऱ्या दिवशी. अथेन्समधला शिल्पकार, त्याची बायको, फॉक्सट्रॉट नाचाच्या चाली, छोटी मंडळी, आणि पुन्हा ‘गाणारे नट’. १९२८ ची ‘यस!’ तर फक्त दोन पियानोंवर उभी राहिली. ‘सिबुलेत’ (१९२३) जुन्या वळणावर प्रेमाने परतली. ओनेगेरसारख्या गंभीर संगीतकाराने १९३० मध्ये ‘राजा पोझोलची साहसं’ ही ऑपेरेटा ऑफेनबाखने स्थापलेल्या नाट्यगृहातच केली आणि शेकडो प्रयोग झाले. आजच्या काळात ऑपेरेटा कशी लिहावी याचं उत्तर मला १८६० च्या दशकापेक्षा १९२० च्या दशकात जास्त सापडतं. त्या काळातलं नाचाचं संगीत बिनदिक्कत घ्यायचं, वाद्यं कमी ठेवायची, शब्द ऐकू जाऊ द्यायचे.

दुसऱ्या महायुद्धानंतर वाट फुटली. एका बाजूला १९४५ पासूनची स्पॅनिश-मेक्सिकन रंगाची भव्य दृश्यं, तारांकित टेनर (उंच पट्टीत गाणारे पुरुष गायक), मोठाली नेपथ्यं. त्यांना तुडुंब गर्दी झाली आणि ऑपेरेटा म्हणजे आजी-आजोबांचा रविवार दुपारचा खेळ, हा शिक्का त्यातूनच बसला. दुसऱ्या बाजूला १९४७ चं संगीतकार पूलांकचं ‘ले मामेल द तिरेझियास’. नवरा एका दिवसात ४०,०४९ मुलं जन्माला घालतो, असा अतिवास्तव मामला. त्यावर ‘ऑपेरा-बुफ’ (विनोदी ऑपेरा) असा ऑफेनबाखचाच शिक्का आहे, पण गद्य जवळपास गेलं आणि सगळं गायकांच्या हाती आलं. त्यानंतर ज्यांनी गंभीर संगीताच्या बाजूने विनोदी ऑपेरा लिहिला त्यांतले पुष्कळ याच वाटेने गेले. पूलांकला ते साधलं. इतरांच्या हाती बरेचदा विनोद राहिला आणि हसू गेलं.

१९७२ मध्ये पॅरिसमधल्या ऑपेरा-कॉमिक याच नावाच्या नाट्यगृहाचा कायमचा कलावंतसंच बरखास्त झाला आणि गद्य बोलू शकणाऱ्या गायकांची एक पिढीजात शाळाच बंद पडली. त्या नाट्यगृहाला २००५ मध्ये राष्ट्रीय दर्जा मिळाला, पण कायमचा संच नव्याने बांधला गेला नाही. आज संगीतविद्यालयातून बाहेर पडणारा गायक मोठ्या दालनात आवाज पोचवायला शिकलेला असतो, दोन ओळींचा विनोद वेळेवर टाकायला शिकलेला असतोच असं नाही. नटांना मायक्रोफोन लावावा तर गाण्याचा पोत बदलतो. म्हणून नवी ऑपेरेटा करणाऱ्या छोट्या मंडळ्या बहुतेकदा मूठभर वादक, पाच-सहा कलाकार आणि सगळ्यांनी सगळं करायचं, या बेतावर येतात. अनुदान देणारे याला काटकसर समजतात.

जुन्या गद्याला हात लावण्याची मोकळीकही सरसकट नाही. ऑफेनबाखचे मुख्य संहिताकार १८९७ आणि १९०८ मध्ये वारले, त्यामुळे त्यांचे शब्द कधीच खुले झाले. पोझोलचा संहिताकार १९६४ मध्ये गेला. सत्तर वर्षांच्या हिशोबाने ती संहिता १ जानेवारी २०३५ ला मोकळी होईल, तोवर एक प्रसंग बदलायचा तरी वारसांची परवानगी लागते. आणि फ्रेंच कायद्यात लेखकाचा नैतिक हक्क कधीच संपत नसल्यामुळे, त्यानंतरही कुणी वारस ‘आमच्या आजोबांनी हे असं लिहिलं नव्हतं’ म्हणून न्यायालयाचं दार ठोठावू शकतो.