अभय मिळालेल्या साक्षीदाराचा दिवाणी दाव्यातील मौनाधिकार

अमेरिकेच्या राज्यघटनेतील पाचव्या दुरुस्तीनुसार (१७९१) कोणालाही फौजदारी प्रकरणात स्वतःविरुद्ध साक्ष द्यायला भाग पाडता येत नाही. हा हक्क बाजूला ठेवून साक्षीदाराने बोलावे म्हणून सरकार त्याला अभय, म्हणजे त्याची साक्ष त्याच्यावर उलटणार नाही अशी हमी, देववू शकते. एकदा अभय मिळाले की त्याला गप्प बसता येत नाही. बसलाच तर न्यायालयाच्या अवमानाखाली तुरुंगात जावे लागते. खरी अडचण त्यानंतरची आहे. तोच माणूस काही महिन्यांनी किंवा वर्षांनी नुकसानभरपाईच्या खाजगी दाव्यात बोलावला गेला आणि तेच प्रश्न त्याला पुन्हा विचारले गेले, तर जुने अभय त्याच्या पाठीशी असते का? नसेल, तर त्याला पुन्हा मौन पाळता येते का? अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने ११ जानेवारी १९८३ रोजी ‘पिल्सबरी कंपनी विरुद्ध कॉनबॉय’ या प्रकरणात याचे उत्तर दिले. जुने अभय नव्या जबानीला पुरत नाही आणि म्हणूनच साक्षीदाराचा मौनाचा हक्क शाबूत राहतो, असा तो निकाल आहे.

दुरुस्तीच्या शब्दांत ‘फौजदारी प्रकरण’ असा स्पष्ट उल्लेख असताना दिवाणी दाव्यात हा हक्क आला कुठून, असे कोणालाही वाटेल. उत्तर सरळ आहे. साक्ष कुठे दिली याला महत्त्व नाही, ती पुढे कुठे वापरली जाऊ शकते याला आहे. दिवाळखोरीच्या चौकशीत शपथेवर दिलेली कबुली उद्या सरकारी वकिलाच्या टेबलावर जाऊ शकत असेल, तर धोका फौजदारीच असतो. ‘मॅकार्थी विरुद्ध अर्न्डस्टाइन’ (१९२४) हे प्रकरण नेमके दिवाळखोरीच्या चौकशीतले होते. न्यायमूर्ती ब्रँडाइस यांनी तिथे स्पष्ट केले, की कार्यवाही दिवाणी असो वा फौजदारी, उत्तरामुळे फौजदारी जबाबदारी येण्याचा संभव असेल तर हा हक्क लागू होतो. हा धोका कितपत दिसायला हवा, हे ‘हॉफमन विरुद्ध अमेरिका’ (१९५१) या निकालाने ठरवले. भीतीला वाजवी आधार असला म्हणजे पुरे. भीती खरी आहे हे पटवायला गुन्हाच सांगून टाकावा लागला, तर हक्काला अर्थ उरणार नाही.

अभयाच्या कल्पनेचा प्रवास याहून वळणाचा आहे. १८६८च्या कायद्याने साक्षीदाराचे शब्द त्याच्याविरुद्ध वापरायला मनाई केली होती; पण त्या शब्दांचा माग काढत मिळवलेला पुरावा मोकळाच होता. शिकागोचा धान्यव्यापारी काउन्सलमन याला रेल्वेच्या भाडेसवलतींबद्दल ग्रँड ज्युरीपुढे (खटला भरावा का हे बंद दाराआड ठरवणाऱ्या नागरिकांच्या मंडळापुढे) प्रश्न विचारले गेले, तेव्हा त्याने याच भोकावर बोट ठेवले. ‘काउन्सलमन विरुद्ध हिचकॉक’ (१८९२) मध्ये तो जिंकला. दुसऱ्याच वर्षी काँग्रेसने, म्हणजे अमेरिकी संसदेने, उदार कायदा केला: ज्या व्यवहाराबद्दल साक्ष दिली, त्या व्यवहाराबद्दल साक्षीदारावर खटलाच भरायचा नाही. याला व्यवहार-अभय म्हणता येईल. ही व्यवस्था पाऊण शतकाहून अधिक काळ चालली. १९७० साली संघटित गुन्हेगारी नियंत्रण कायद्याने ती आवळली आणि तिची जागा वापर-अभयाने घेतली. आता साक्षीदारावर खटला भरता येतो. मात्र त्याची सक्तीची साक्ष किंवा तिच्यापासून थेट वा आडवळणाने मिळालेली कोणतीही माहिती त्याच्याविरुद्ध वापरता येत नाही. अपवाद खोट्या साक्षीचा आणि आदेश न पाळण्याचा. ‘कॅस्टिगर विरुद्ध अमेरिका’ (१९७२) या निकालाने हे अपुरे वाटणारे अभय घटनेच्या कसोटीला उतरते असे सांगितले, पण सरकारवर एक जड ओझेही टाकले. पुढे खटला भरायचा झाल्यास प्रत्येक पुरावा स्वतंत्र मार्गाने मिळाला आहे, हे सरकारने सिद्ध करायचे.

मराठीत आपण सहज ‘माफीचा साक्षीदार’ म्हणतो. इथे तो शब्द दिशाभूल करील. वापर-अभयात माफी कुठेच नाही. गुन्हा तिथेच असतो, खटल्याची शक्यताही तिथेच असते. फक्त साक्षीदाराच्या तोंडून निघालेल्या गोष्टीभोवती कुंपण घातलेले असते. कॉनबॉय प्रकरणातला सगळा वाद या कुंपणाच्या आत काय येते आणि बाहेर काय राहते, याचाच आहे.

प्रकरण पुठ्ठ्याच्या खोक्यांच्या धंद्यातले. खोकी बनवणाऱ्या कंपन्यांनी संगनमताने किमती ठरवल्या, असा न्याय विभागाला संशय होता. कॉनबॉय हा वेअरहाउझर या कंपनीचा माजी अधिकारी. जानेवारी १९७८ मध्ये अभय देऊन सरकारी वकिलांनी त्याची मुलाखत घेतली आणि नंतर ग्रँड ज्युरीपुढे त्याची साक्ष झाली. दरम्यान खोकी विकत घेणाऱ्या अनेक कंपन्यांनी दिवाणी दावे लावले होते. अमेरिकी मक्तेदारीविरोधी कायद्यात अशा वादीला झालेल्या नुकसानाच्या तिप्पट भरपाई मिळते, त्यामुळे दाव्यांमागे पैसाही मोठा होता आणि चिकाटीही. कॉनबॉयच्या मुलाखतीचे आणि साक्षीचे काही टिपण दिवाणी वकिलांच्या हाती लागले, आणि त्याला शिकागोत जबानीसाठी समन्स गेले.

ही जबानी, म्हणजे तिकडचे ‘डेपोझिशन’, न्यायाधीशासमोर होत नाही. वकिलाच्या कार्यालयात टेबलाभोवती दोन्ही बाजूंचे वकील बसतात, एका टोकाला लघुलेखक शब्दन् शब्द यंत्रावर टिपत असतो आणि साक्षीदार शपथेवर असतो. कॉनबॉयला विचारलेल्या प्रश्नांची घडण पाहण्यासारखी आहे. वकील जुन्या टिपणातला प्रश्न जसाच्या तसा वाचायचा: अमुक कंपनीतल्या कोणाशी आपण किमतींबद्दल बोललात? मग टिपणातले उत्तरच प्रश्नात घालून विचारायचा: अमक्या गृहस्थांशी बोललात, हे खरे ना? आणि शेवटी: सरकारी मुलाखतीत आपण तसेच सांगितले होते ना? कॉनबॉयने तिन्ही पायऱ्यांवर पाचव्या दुरुस्तीचा आधार घेतला आणि उत्तर नाकारले. जिल्हा न्यायालयाने त्याला बोलण्याचा हुकूम दिला. तो मानला नाही म्हणून अवमानाचा दोषी ठरवले, पण अपिलापर्यंत शिक्षा थांबवली. शिकागोचा भाग ज्याच्याकडे येतो त्या सातव्या सर्किटच्या (विभागाच्या) अपील न्यायालयाच्या छोट्या पीठाने हा हुकूम उचलून धरला, पूर्णपीठाने तो फिरवला, आणि प्रकरण सर्वोच्च न्यायालयात पोहोचले.

टिपण हातात असताना वकिलांना त्याच्या तोंडून तेच वदवून घेण्याची एवढी गरज का होती? कारण ते टिपण दिवाणी खटल्यात जवळजवळ निरुपयोगी होते. ग्रँड ज्युरीपुढे फक्त सरकारी वकील प्रश्न विचारतो. ज्या कंपन्यांविरुद्ध ती साक्ष वापरायची, त्यांना तिथे उलटतपासणीची संधी नसते. अमेरिकी संघराज्याच्या पुरावा नियमांत पूर्वीची साक्ष चालवून घ्यायला ही संधी मिळालेली असणे ही मुख्य अट आहे. म्हणजे कागदावर सगळे होते, पण पुरावा म्हणून उभे राहायला जिवंत साक्षीदारच हवा होता. न्यायालयाच्या निकालाचे बीजही इथेच सापडते. जुने टिपण पुरेसे नव्हते याचाच अर्थ नवी जबानी हा नवा पुरावा होता.

न्यायमूर्ती पॉवेल यांनी बहुमताचा निकाल लिहिला. वादींचा युक्तिवाद असा होता, की प्रश्न अभय मिळालेल्या साक्षीतूनच उचललेले आहेत, म्हणून उत्तरेही तिच्यापासूनच निघालेली ठरतात. ती आपोआप कुंपणाच्या आत येतात आणि साक्षीदाराला भिण्याचे कारण उरत नाही. पॉवेल यांनी हे मानले नाही. प्रश्न टिपणातून आला असेल, पण उत्तर येते ते साक्षीदाराच्या आजच्या आठवणीतून. १९७८ साली तो जे बोलला त्याची ती नक्कल नसते. त्या बोलण्याच्या आधी घडलेल्या प्रत्यक्ष घटनांची ती आठवण असते. त्यामुळे उद्या एखादा सरकारी वकील म्हणू शकतो, की हा पुरावा मला खुल्या दिवाणी जबानीतून मिळाला, ग्रँड ज्युरीशी त्याचा संबंध नाही. त्यातून उलटतपासणी हा भाग आहेच. जबानीच्या टेबलावर प्रतिवादींचे वकीलही असतात. ते प्रश्न विचारू लागले की बोलणे टिपणाच्या हद्दीबाहेर कधी गेले, हे कळतही नाही.

दुसरे कारण अधिकाराचे आहे, आणि माझ्या मते निकालाचा खरा कणा तोच. कायद्याने अभय मागण्याचा अधिकार न्याय विभागाला दिला आहे. वरिष्ठांच्या मंजुरीने सरकारी वकील अर्ज करतो आणि न्यायालय आदेश काढते. दिवाणी दावा चालवणाऱ्या न्यायाधीशाला स्वतःहून अभय देता येत नाही, आणि खाजगी वादीला तर मागताही येत नाही. आता टिपण वाचून विचारलेल्या प्रश्नांची उत्तरे आपोआप संरक्षित ठरली असती, तर अभयाची व्याप्ती किती वाढवायची हे दिवाणी वकीलच ठरवू लागले असते, आणि प्रत्येक जबानीगणिक सरकारच्या पुढच्या खटल्याच्या वाटेत नवा धोंडा पडला असता. अभय हा सरकार आणि साक्षीदार यांच्यातला सौदा आहे; तिसऱ्याने त्यावर स्वतःचा धंदा उभारू नये, असा याचा रोख. तिप्पट भरपाईचे दावे सार्वजनिक हिताचे आहेत हे न्यायालयाला मान्य होते, पण तेवढ्यासाठी साक्षीदाराने जोखीम घ्यावी हे मान्य नव्हते. ‘पुढे बघू, कोणीतरी न्यायाधीश तुझी साक्ष बाद करीलच’ असे आश्वासन पुरेसे नाही. जबानीच्या वेळीच अधिकृत अभय हवे. नाहीतर सक्ती नाही.

न्यायमूर्ती ब्लॅकमन यांनी निकालाला वेगळ्या विचाराने दुजोरा दिला. न्यायमूर्ती स्टीव्हन्स यांचे मतभेदाचे निकालपत्र, ज्यात न्यायमूर्ती ओकॉनर सामील झाल्या, अजूनही वाचावे असे आहे. त्यांच्या मते जुन्या उत्तरांवर बेतलेला प्रश्न विचारला की उत्तराला त्याच साक्षीचा डाग लागतो, आणि डाग लागलेले काही साक्षीदाराविरुद्ध वापरता येत नाही. मग घाबरायचे कशाला? हा तर्क तोलामोलाचा आहे. पण त्यात साक्षीदाराने आज बोलायचे आणि तो तर्क बरोबर निघाला का हे उद्या कळायचे, ही अडचण शिल्लक राहतेच. अभय मिळालेल्या साक्षीचा डाग किती दूर पसरतो हे पुढे इराण-कॉन्ट्रा शस्त्रव्यवहारात गुंतलेले अमेरिकी लष्करी अधिकारी ऑलिव्हर नॉर्थ यांच्या प्रकरणात दिसले. १९८७ साली त्यांनी अभयाखाली काँग्रेससमोर दिलेली साक्ष दूरचित्रवाणीवर देशभर दाखवली गेली. १९८९ मध्ये ते तीन आरोपांत दोषी ठरले. पण खटल्यातल्या साक्षीदारांच्या आठवणींवर त्या प्रसारणाचा परिणाम झाला नाही हे नीट तपासले गेले नाही, म्हणून अपील न्यायालयाने १९९० मध्ये शिक्षा उलटवल्या आणि १९९१ मध्ये आरोप काढून टाकले गेले. सरकारी वकील अभयाबाबत इतके हात राखून का असतात, ते यावरून उमजते.

हा मौनाधिकार फुकटचा मात्र नाही. फौजदारी खटल्यात आरोपीच्या गप्प बसण्यावरून ज्युरीला काही अनुमान काढता येत नाही. दिवाणी दाव्यात काढता येते. ‘बॅक्स्टर विरुद्ध पामिजियानो’ (१९७६) या तुरुंगातील शिस्तभंगाच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने तशी मुभा मान्य केली. साक्षीदार स्वतः पक्षकार असेल तर फटका त्याला बसतो. तो माजी कर्मचारी असेल तर त्याच्या मौनावरून कंपनीविरुद्ध अनुमान काढायचे का, हे न्यायालये नात्याची जवळीक आणि हितसंबंध बघून ठरवतात. कंपनीला स्वतःला हा हक्क नाहीच. तो फक्त हाडामांसाच्या माणसाला आहे.

व्यवहारात हक्क प्रश्नागणिक सांगावा लागतो. ‘मी काहीच बोलणार नाही’ असे एकदाच म्हणून उठून जाता येत नाही. नाव, पत्ता, नोकरीचा काळ यांची उत्तरे द्यायची, आणि धोक्याचा प्रश्न आला की वकिलाच्या सल्ल्यावरून नकार द्यायचा. तोच ठरीव नकार दिवसभरात शंभरदा टिपला गेला तरी चालतो. नको तिथे सैल बोलणे मात्र महागात पडते. ‘रॉजर्स विरुद्ध अमेरिका’ (१९५१) नुसार गुन्ह्यात गोवणारी मुख्य गोष्ट एकदा आपणहून सांगितली, की तिच्या तपशिलाबाबत मौन पाळता येत नाही. त्या हिशेबाने कॉनबॉयची १९७८ची साक्ष आड यायला हवी होती असे वाटेल; पण ती सक्तीने घेतलेली होती, आपणहून सोडलेला हक्क नव्हता.

शिवाय भीती जिवंत असावी लागते. दुसऱ्या देशात खटला होईल एवढी भीती पुरत नाही, हे ‘अमेरिका विरुद्ध बाल्सिस’ (१९९८) मध्ये ठरले. बहुतेक संघीय गुन्ह्यांत खटला भरायला पाच वर्षांची मुदत आहे. ती उलटली आणि दुसरा कोणताही खटला संभवत नसला, की हक्काचा आधारच जातो. त्यामुळे काही वादी मुदत संपायची वाट पाहतात, किंवा न्यायालयच दिवाणी दावा तोवर थोपवून धरते. मग त्याच साक्षीदाराला पुन्हा समन्स जाते, आणि आधी नाकारलेल्या प्रश्नांची उत्तरे त्याला द्यावी लागतात.