वीज तीच, मग इलेक्ट्रिक गाड्यांच्या चार्जिंग स्टेशनवर दर जास्त का?

‘वीज तीच, मग घरापेक्षा जास्त दर म्हणजे निव्वळ लूट,’ हे वर्षानुवर्षं ऐकू येतं. वीज तीच असली तरी खर्च तोच नाही. घरात येते ती एसी वीज, बॅटरीला लागते डीसी; घरी हा बदल गाडीतलाच छोटा चार्जर करतो. फास्ट चार्जिंगला ते काम बाहेरचं महागडं यंत्र करतं. वर ट्रान्सफॉर्मर, जागेचं भाडं आणि बऱ्याच ठिकाणी डिमांड चार्ज. हा आकार वापरलेल्या युनिटवर नाही, तर किलोवॅटमधल्या कमाल मागणीवर, म्हणजे एका वेळी जास्तीत जास्त किती वीज ओढली जाते त्यावर लागतो. दिवसात दोनच गाड्या आल्या तरी चुकत नाही. म्हणून ओस पडलेलं स्टेशनच प्रतियुनिट महाग पडतं. नफेखोरी कुठेच नसते असं अजिबात नाही! पण आकारणी मिनिटांवर असेल तर सांभाळा: बॅटरी साधारण ८० टक्के भरल्यावर चार्जिंगचा वेग मंदावतो, पैसे मात्र त्याच गतीने कापले जातात. आणि मागे रांग खोळंबते ती वेगळीच.