उड्डाण उपकरणे : लहान विमानातील सहा तबकड्या

विमानाचा वेग, उंची, कल, दिशा आणि चढ-उतार वैमानिकाला दाखवणाऱ्या यंत्रांना उड्डाण उपकरणे म्हणतात. सेस्ना १५२ किंवा सेस्ना १७२ यांसारख्या एका इंजिनाच्या प्रशिक्षण विमानात अशी सहा उपकरणे समोरच्या पॅनेलवर तीन-तीनच्या दोन ओळींत असतात. वरच्या ओळीत डावीकडून वायुवेगदर्शक, विमानाचा कल दाखवणारे कृत्रिम क्षितिज आणि उंची दाखवणारा अल्टिमीटर; खालच्या ओळीत वळण दाखवणारा टर्न कोऑर्डिनेटर, दिशादर्शक जायरो आणि चढ-उतारदर्शक. या संचाला विद्यार्थी ‘सिक्स पॅक’ म्हणतात. शेजारी किंवा विंडशील्डच्या वर साधे चुंबकीय होकायंत्रही असते.

यातले कोणतेही उपकरण बाहेरचे जग थेट पाहत नाही. अल्टिमीटरला जमीन दिसत नाही, वायुवेगदर्शकाला धावपट्टी किती वेगाने मागे पळते आहे हे कळत नाही. दोघांनाही फक्त हवेचा दाब कळतो, आणि त्या दाबाचा अर्थ लावताना त्यांनी समुद्रसपाटीवरची, १५ अंश सेल्सिअसची, १०१३.२५ हेक्टोपास्कल दाबाची ‘प्रमाण हवा’ गृहीत धरलेली असते. सोलापूरची हवा त्या प्रमाणापासून बरीच दूर असते. होटगी रस्त्यावरचे विमानतळ समुद्रसपाटीपासून सुमारे १,५८० फूट उंचीवर आहे आणि मे महिन्यात तिथे पारा सहज ४० अंशांच्या पुढे जातो. बारामती आणि कलबुर्गी ही वैमानिक प्रशिक्षणाची केंद्रे इथून फार लांब नाहीत, आणि तिथली हवाही अशीच पठारावरची, तापणारी. त्यामुळे या भागातल्या विद्यार्थ्याने काटे वाचायला शिकणे म्हणजे मुख्यतः गृहीत हवा आणि खरी हवा यांतला फरक ओळखायला शिकणे होय.

दाबावर चालणारी उपकरणे

वायुवेगदर्शक, अल्टिमीटर आणि चढ-उतारदर्शक ही तीन उपकरणे एकाच व्यवस्थेवर चालतात. पंखाखाली पुढे तोंड करून बसवलेली पिटो नळी समोरून आदळणाऱ्या हवेचा दाब घेते. विमानाच्या अंगावरचे बारीक छिद्र, म्हणजे स्टॅटिक पोर्ट, स्थिर हवेचा दाब घेते. फ्रेंच अभियंता आंरी पिटो याने १७३२ मध्ये सेन नदीच्या प्रवाहाचा वेग मोजण्यासाठी अशी नळी वापरली होती. तेच तत्त्व पुढे विमानात आले.

वायुवेगदर्शक या दोन दाबांतला फरक मोजून नॉटमध्ये, म्हणजे ताशी सागरी मैलांत, वेग दाखवतो. त्याच्या तबकडीवरचे रंगीत पट्टे तोंडपाठ असावे लागतात. सेस्ना १७२ एस या प्रकारात पांढरा पट्टा ४० ते ८५ नॉट, म्हणजे फ्लॅप (पंखांच्या मागच्या कडेच्या खाली उघडणाऱ्या झडपा) पूर्ण उघडून उडण्याची मर्यादा. हिरवा ४८ ते १२९, नेहमीच्या उड्डाणाचा. पिवळा १२९ ते १६३, फक्त शांत हवेत आणि जपून. १६३ वर लाल रेघ, जी कधीच ओलांडायची नसते. हे आकडे विमानागणिक बदलतात, म्हणून उड्डाणाआधी त्या विमानाची पुस्तिका पाहणे हाच खरा नियम.

चढ-उतारदर्शक मिनिटाला किती फूट चढ किंवा उतार आहे ते दाखवतो. त्याच्या बाहेरच्या पेटीत हवा बारीक छिद्रातून मुद्दाम हळूहळू झिरपू दिलेली असते, त्यामुळे स्थिर आकडा दिसायला सहा ते नऊ सेकंद लागतात. नवखा विद्यार्थी या काट्यामागे धावतो आणि विमान वर-खाली झोके घेऊ लागते.

अल्टिमीटर आणि दहा हेक्टोपास्कल

अल्टिमीटरमध्ये हवा काढून बंद केलेल्या पातळ धातूच्या डब्या असतात. बाहेरचा दाब कमी झाला की त्या फुगतात आणि काटे पुढे सरकतात. लांब काटा शेकडा फूट, आखूड काटा हजार आणि तिसरा दहा हजार फूट दाखवतो. तबकडीच्या छोट्या खिडकीत त्या दिवसाचा दाब लावण्याची सोय असते. पॉल कोल्समन याने १९२८ मध्ये तयार केलेल्या अचूक अल्टिमीटरवरून तिला कोल्समन खिडकी म्हणतात.

विमानतळाकडून मिळालेला समुद्रसपाटीचा दाब, म्हणजे क्यूएनएच, खिडकीत लावला की सोलापूरच्या धावपट्टीवर उभ्या विमानाचा अल्टिमीटर सुमारे १,५८० दाखवतो. विमानतळाच्या पातळीवरचाच दाब, म्हणजे क्यूएफई, लावला तर शून्य. क्यूएनएच लावूनही विमानतळाच्या ज्ञात उंचीपेक्षा साधारण ७५ फुटांहून अधिक फरक दिसला, तर ते उपकरण संशयास्पद मानतात.

दाब बदलूनही खिडकी तशीच राहिली तर काय होते? दख्खनच्या पठारावर हिवाळ्यात समुद्रसपाटीला आणलेला दाब १०१५ हेक्टोपास्कलच्या आसपास असतो, जूनच्या तोंडाशी तो १००५ पर्यंत उतरतो. एका हेक्टोपास्कलला साधारण २८ फूट, म्हणजे दहाला २८०. जुना, जास्त दाब लावलेला राहिला तर विमान प्रत्यक्षात दाखवलेल्या उंचीपेक्षा २८० फूट खाली असते. हे अंतर किती, याची कल्पना सोलापूरकराला लगेच येईल. श्री सिद्धेश्वर सहकारी साखर कारखान्याची, विमानतळाच्या वाटेत येणारी जी चिमणी १५ जून २०२३ रोजी पाडण्यात आली, ती सुमारे ९० मीटर म्हणजे २९५ फूट उंच होती. खिडकीतल्या दहा हेक्टोपास्कलची चूक जवळजवळ तेवढी.

तापमानाचा परिणाम उलट दिशेने होतो. तापलेली हवा फुगलेली असते, म्हणून विमान काट्याने दाखवल्यापेक्षा थोडे अधिकच उंच असते. प्रमाण तापमानाहून दर दहा अंशांमागे, विमानतळापासूनच्या उंचीच्या साधारण चार टक्के. ही चूक सुरक्षित बाजूची आहे. उन्हाळ्याचा खरा त्रास वेगळा आहे.

मे महिन्यातली दुपार

सोलापूरच्या उंचीवर प्रमाण तापमान १२ अंश असायला हवे. दुपारी ४२ अंश असताना हवा तीस अंशांनी अधिक तापलेली आणि तेवढी विरळ असते. एका अंशामागे सुमारे १२० फूट धरले तर धावपट्टी १,५८० फुटांवर असूनही विमानाला ती पाच हजार फुटांच्या वरची वाटते. याला घनता-उंची म्हणतात. इंजिनाची ताकद घटते, पुढचा फिरता पंखा (प्रोपेलर) कमी ओढतो आणि जमिनीवरची धाव लांबते.

वायुवेगदर्शक मात्र यातले काहीच सांगत नाही, आणि ते योग्यच आहे. पंखांना उचल किती मिळेल हे ज्या दाबावर ठरते, तोच दाब तो मोजतो. म्हणून सेस्ना १७२ चे नाक उचलायचे ते इथेही काट्यावर ५५ नॉट आल्यावरच. फक्त त्या क्षणी विमानाचा हवेतला खरा वेग ६० नॉटच्या जवळ असतो. उतरतानाही तसेच: काटा ६५ म्हणतो, वारा नसेल तर जमीन ७० नॉटने धावत येते. इथे डोळे फसवतात. धावपट्टी नेहमीपेक्षा जोरात येतेय असे वाटून विद्यार्थी नाक वर ओढतो, वेग घटतो आणि विमान स्टॉलच्या, म्हणजे पंखांची उचल तुटण्याच्या, उंबरठ्यावर येते. पठारावर उडणाऱ्याला शिकवण्याची सर्वांत महत्त्वाची गोष्ट कोणती, तर अंतिम टप्प्यात जमिनीच्या धावण्यावर नव्हे, वायुवेगाच्या काट्यावर भरवसा ठेवणे.

नळी किंवा छिद्र बुजल्यास

उघड्यावर उभ्या विमानाच्या पिटो नळीत कुंभारीण माशी मातीचे घर बांधते. म्हणूनच लाल पट्टीचे आवरण लावायचे, उड्डाणाआधी ते काढायचे आणि नळीचे तोंड नीट पाहायचे. नळी आणि तिचे पाणी जाण्याचे छिद्र दोन्ही बुजले तर वायुवेगदर्शक अल्टिमीटरसारखा वागू लागतो: विमान चढते तसा तो वेग वाढल्याचे दाखवतो. त्यावर विश्वास ठेवून नाक आणखी उचलले की विमान स्टॉल होते. ६ फेब्रुवारी १९९६ रोजी डोमिनिकन प्रजासत्ताकातील पोर्तो प्लाता येथून निघालेले बोइंग ७५७ समुद्रात कोसळून १८९ जण मृत्युमुखी पडले. विमान कित्येक दिवस पिटो आवरणांशिवाय उभे होते, आणि नळीत कीटकांनी घर केले असावे हा तपासातला सर्वांत संभाव्य निष्कर्ष होता.

स्टॅटिक छिद्र बुजले तर अल्टिमीटर गोठतो, चढ-उतारदर्शक शून्यावर थांबतो आणि वायुवेगदर्शक चढताना कमी, छिद्र बुजले त्या पातळीच्या खाली उतरताना जास्त वेग दाखवतो. यासाठी बहुतेक विमानांत केबिनमधून दाब घेणारा पर्यायी झडपेचा खटका असतो.

जायरोवर चालणारी उपकरणे

वेगाने फिरणारे चाक, म्हणजे जायरो, आपल्या आसाची दिशा सहज सोडत नाही, या गुणावर कृत्रिम क्षितिज आणि दिशादर्शक चालतात. बहुतेक जुन्या प्रशिक्षण विमानांत ही चाके इंजिनावरच्या व्हॅक्यूम पंपाने ओढलेल्या हवेवर फिरतात, तर टर्न कोऑर्डिनेटर विजेवर. ही विभागणी मुद्दाम केलेली आहे. पंप बंद पडला तरी वळण दाखवणारे एक उपकरण जिवंत राहते.

टर्न कोऑर्डिनेटरमधले छोटे विमान खुणेवर टेकले की वळण सेकंदाला तीन अंश, म्हणजे पूर्ण फेरी दोन मिनिटांत. ९० नॉटला त्यासाठी सुमारे १४ अंश कलावे लागते. खालच्या वक्र नळीतला चेंडू गवंड्याच्या पाणसळीसारखा मधोमध हवा. तो ज्या बाजूला गेला, त्या बाजूचा रडर (शेपटीचे सुकाणू) पायाने दाबायचा.

दिशादर्शक जायरो हळूहळू सरकतो. एकट्या पृथ्वीच्या फिरण्यामुळे सोलापूरच्या अक्षांशावर ताशी सुमारे साडेचार अंशांचा फरक पडतो, घर्षणाचा वेगळा. म्हणून दर दहा-पंधरा मिनिटांनी, सरळ आणि समतल उडताना, तो होकायंत्राशी जुळवतात. सोलापूरची धावपट्टी १५/३३ आहे, म्हणजे तिची दोन टोके साधारण १५० आणि ३३० अंशांच्या दिशेला आहेत. तिच्यावर विमान सरळ उभे केले की दिशादर्शक १५० किंवा ३३० च्या आसपास दिसलाच पाहिजे.

होकायंत्र वळताना आणि वेग बदलताना चुकते, कारण चुंबकीय रेषा जमिनीकडे झुकलेल्या असतात. परदेशी पुस्तकांतली या चुकांची उदाहरणे इथे तितकी तीव्र दिसत नाहीत: लंडनला हा झुकाव ६५ अंशांच्या वर आहे, सोलापूरला २५ च्या आसपास.

उपकरणांकडे पाहणे

जमिनीवर टॅक्सी करतानाच, म्हणजे विमान चाकांवर चालवत नेतानाच, निम्मी तपासणी होते. डावीकडे वळताना दिशेचा आकडा कमी व्हावा, छोटे विमान डावीकडे कलावे, चेंडू उजवीकडे जावा आणि कृत्रिम क्षितिज सपाट राहावे.

हवेत शिकाऊ वैमानिकाने बहुतांश वेळ बाहेर पाहायचे असते. क्षितिजावर नाक कुठे आहे ते पाहून विमान स्थिर करायचे, मग काटे फक्त पडताळायचे. संगणकावरच्या सिम्युलेटरवर महिनोन्‌महिने सराव करून येणाऱ्या मुलांना आकड्यांची ओळख उत्तम असते, पण नजर पॅनेलला चिकटलेली असते. ती सवय सोडवायला वेळ लागतो. हिवाळ्यात सकाळी धुके आणि उसाच्या पाचटाचा धूर मिसळला, की फताटेवाडीच्या वीज केंद्राची चिमणीही दिसेनाशी होते. अशा वेळी क्षितिज फक्त पॅनेलवरच उरते. कानातली तोलाची इंद्रिये सावकाश वळण ओळखत नाहीत. १९५४ मध्ये इलिनॉय विद्यापीठात उपकरण-उड्डाण न शिकलेल्या वीस वैमानिकांना बाहेरचे दिसू न देता उडवले, तेव्हा ताबा सुटेपर्यंतचा सरासरी वेळ १७८ सेकंद भरला. भारतात व्यावसायिक परवान्यासाठी लागणाऱ्या २०० तासांत किमान दहा तास उपकरणांवरच्या उड्डाणाचे असावे लागतात, ते यासाठी.

केवळ उपकरणांवर संपूर्ण उड्डाण प्रथम जेम्स डूलिटल याने २४ सप्टेंबर १९२९ रोजी न्यूयॉर्कजवळच्या मिचेल फील्डवर केले. त्याच्या पॅनेलवर कोल्समनचा अल्टिमीटर आणि स्पेरीचे कृत्रिम क्षितिज व दिशादर्शक होते.

काचेचे पॅनेल

नव्या प्रशिक्षण विमानांत गार्मिन जी१००० सारखे पडदे असतात. फिरत्या चाकांच्या जागी कोणताही भाग न फिरणारे इलेक्ट्रॉनिक संवेदक आले, तबकड्यांच्या जागी वर-खाली सरकणाऱ्या पट्ट्या. पिटो नळी आणि स्टॅटिक पोर्ट मात्र तसेच राहिले, आणि क्यूएनएच अजूनही वैमानिकालाच लावावा लागतो. वीज गेली तर उपयोगी पडावेत म्हणून अशा अनेक विमानांत पडद्यांच्या खाली वायुवेग, कृत्रिम क्षितिज आणि अल्टिमीटर अशा तीन लहान तबकड्या ठेवलेल्या असतात.