गॅरेजने गाडीचं काम बिघडवलं? ग्राहक आयोगात जाण्याआधी हे कागद जमवा

गाडी दुरुस्तीला दिली, बिल भरलं आणि तोच बिघाड पुन्हा उपटला, किंवा आधी नसलेला नवाच मागे लागला, तर जिल्हा ग्राहक तक्रार निवारण आयोगात दाद मागता येते. वकील लावलाच पाहिजे असं नाही, आणि बहुतेकांना शुल्कही पडत नाही. तरीही या प्रकारच्या तक्रारी मोठ्या प्रमाणात फेटाळल्या जातात. तक्रारदार खोटं बोलत असतो म्हणून नव्हे. गाडी बिघडलेली असते हे सगळेच मान्य करतात, पण ती गॅरेजच्या कामामुळेच बिघडली हे सांगणारा एकही कागद फाइलमध्ये नसतो. सेवेतली त्रुटी सिद्ध करण्याची जबाबदारी तक्रारदाराची, हे सर्वोच्च न्यायालयाने २०२१ मध्ये स्पष्ट शब्दांत सांगितलं आहे. तेव्हा संताप बाजूला ठेवून आधी कागदांकडे बघा.

कोण जाऊ शकतं आणि कुठे

ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ हा २० जुलै २०२० पासून लागू आहे. पैसे मोजून सेवा घेणारा ग्राहक, पण व्यापारी कारणासाठी घेतलेली सेवा यातून वगळली आहे. त्यामुळे कंपनीच्या नावावरच्या गाडीला हमखास हरकत येते. टॅक्सी किंवा टेम्पो स्वतः चालवून पोट भरणाऱ्याला मात्र कायद्याने संरक्षण दिलं आहे. फक्त ते अर्जात लिहावं लागतं: ‘ही गाडी मी स्वतः चालवतो व स्वयंरोजगारातून उदरनिर्वाह करण्याचं माझं हेच साधन आहे.’ हे एक वाक्य नाही म्हणून चांगली प्रकरणं पहिल्याच हरकतीला अडखळतात.

गाडी वडिलांच्या नावावर आणि बिल मुलाच्या नावावर, असं घरोघरी असतं. संमतीने सेवेचा लाभ घेणाराही कायद्याच्या दृष्टीने ग्राहकच आहे, पण वाद नको असेल तर दोघांनाही तक्रारदार करा.

तुम्ही राहता किंवा नोकरीधंदा करता तिथल्या जिल्हा आयोगात तक्रार दाखल करता येते, गॅरेज दुसऱ्या जिल्ह्यात असलं तरी. बिलाच्या तळाशी बारीक अक्षरात ‘सर्व वाद अमुक शहराच्या न्यायकक्षेत’ असं छापलेलं असतं. ते वाचून लोक खचतात. कायद्याने दिलेला हक्क अशा छापील ओळीने जात नाही.

किंमत लिहिताना होणारी चूक तर नेहमीची. अर्जात गाडीची किंमत लिहायची नसते. तुम्ही त्या सेवेसाठी मोजलेली रक्कम, म्हणजे दुरुस्तीचं बिल लिहायचं. ५० लाखांपर्यंतची प्रकरणं जिल्हा आयोगाकडे जातात आणि ५ लाखांपर्यंत शुल्क शून्य आहे. नुकसानभरपाई किती मागता यावर शुल्क ठरत नाही.

जॉब कार्ड नीट वाचा

जॉब कार्ड म्हणजे गाडी जमा करताना गॅरेज भरतं तो नोंदीचा कागद. सगळं प्रकरण या एका कागदावर उभं राहतं किंवा कोसळतं. गाडी जमा करताना तुम्ही सर्व्हिस ॲडव्हायझरला सांगता, ‘चढावर गाडी तापते, काटा लाल रेषेपर्यंत जातो, एसी लावला की लवकर जातो.’ तो मान हलवतो आणि ग्राहकाच्या तक्रारीच्या रकान्यात लिहितो, ‘जनरल चेकअप’. तुम्ही सही करता. पुढे हेडगॅस्केट (इंजिनच्या हेडखालचं सील) गेलं की गॅरेजचा लेखी जबाब तयारच असतो: गाडी तापण्याची तक्रार आमच्याकडे कधी नोंदवलीच नव्हती.

म्हणून सही करण्याआधी तो रकाना तुमच्या शब्दांत लिहून घ्या. मराठीत लिहिलं तरी चालतं. किलोमीटरचा आकडा आणि गाडी दिल्याची वेळ तपासा, कार्डाचा फोटो तिथेच काढा. गाडी आधीच परत आली असेल आणि कार्डाची प्रत मिळाली नसेल, तर ईमेलवर मागा. गॅरेजने दिली नाही तरी तुम्ही मागितली होती हे राहतं, आणि ते कार्ड गॅरेजने हजर करावं असा अर्ज पुढे आयोगापुढे देता येतो.

बिलाचं काय? ‘बिल नको म्हणालात तर टॅक्स वाचेल’ हे ऐकून कच्च्या कागदावर काम करून घेणाऱ्यांची सगळ्यात जास्त दमछाक होते. सेवेचं बिल किंवा पावती न देणं ही कायद्याने अनुचित व्यापारी प्रथा आहे, त्यामुळे बिल नाही म्हणून दार बंद होत नाही. यूपीआयचा व्यवहार, बँकेचा उतारा, गॅरेजशी झालेलं व्हॉट्सॲप बोलणं यांवर काम भागवता येतं. पण कोणते पार्ट बदलले आणि मजुरी कशाची लावली हे पक्क्या बिलातच असतं. ते हट्टाने मागा.

जो कागद कुणाकडेच नसतो

तज्ज्ञाचा अहवाल. दुसऱ्या गॅरेजमध्ये गाडी नेली की मेकॅनिक तोंडी सगळं सांगतो, ‘साहेब, हेड नीट बसवलंच नाही, बोल्ट बघा कसे आवळलेत.’ मग लेटरहेडवर लिहून द्या म्हटलं की हात वर करतो. त्यालाही दोष देता येत नाही. त्याच बाजारात त्याला धंदा करायचा आहे आणि साक्षीला जायला वेळ नाही.

तरी हा अहवाल मिळवावाच लागतो. विमा नियामकाचा परवाना असलेले मोटार सर्व्हेअर फी घेऊन खासगी पाहणी करून देतात का, विचारा. शासकीय तंत्रनिकेतन किंवा अभियांत्रिकी महाविद्यालयातल्या ऑटोमोबाइल शाखेच्या प्राध्यापकांना विनंती करून पाहा. त्याच कंपनीच्या दुसऱ्या अधिकृत सर्व्हिस सेंटरमधून तपासणीचं जॉब कार्ड आणि एस्टिमेट तरी घ्या. त्यात ‘आढळलेला दोष’ लिहिलेला असतो.

‘गाडीत दोष आहे’ एवढंच लिहिलेल्या अहवालाचा उपयोग नाही. तेवढं गॅरेजही मान्य करेल आणि जुनी गाडी, झीज, तुमचं चालवणं यांच्यावर ढकलून देईल. गाडीचा नोंदणी क्रमांक, चॅसी क्रमांक, किलोमीटर, पाहणीची तारीख, कोण हजर होतं, काय उघडलं आणि काय दिसलं, हे सगळं अहवालात हवं. आणि मुख्य म्हणजे हा दोष आधीच्या दुरुस्तीतून कसा आला, हे. उदाहरणार्थ, सिलिंडर हेडचे बोल्ट ठरलेल्या टॉर्कला (जोराने) आवळले नव्हते, त्यामुळे गॅस्केटच्या एका बाजूने कूलंट (इंजिन थंड ठेवणारं द्रव) झिरपलं, आणि ही नेहमीच्या झिजेची खूण नाही. खाली सही, शिक्का, शिक्षण, अनुभव. सोबत तज्ज्ञाचं शपथपत्र मिळालं तर उत्तमच.

इथे एक घाई सगळं घालवते. गाडीवाचून अडतं म्हणून लोक दुसऱ्या गॅरेजमध्ये लगेच काम करून घेतात. ते केलं की पुरावा संपला. इंजिन उघडण्याआधी पहिल्या गॅरेजला लेखी कळवा की अमुक दिवशी अमुक ठिकाणी गाडी उघडणार आहे, तुमचा माणूस पाठवा. तो आला नाही तर त्याची मर्जी, पण ‘आमच्या पाठीमागे उघडली’ हे म्हणायला जागा उरत नाही. उघडताना व्हिडिओ काढा. बदललेले जुने पार्ट मागून घ्या, चिठ्ठी लावून पिशवीत बांधून ठेवा आणि प्रकरण संपेपर्यंत भंगारात जाऊ देऊ नका. बिघाड लक्षात आल्यावर गाडी चालवू नका, टोइंगने न्या आणि पावती ठेवा. तशीच रेटून चालवलेल्या गाडीचं इंजिन जाम झालं की सगळं खापर तुमच्या डोक्यावर फुटतं.

खर्च परवडत नसेल किंवा कुणीच लिहून देत नसेल, तर तज्ज्ञ नेमून पाहणी करावी असा अर्ज तक्रारीसोबतच आयोगाला द्या. त्याची फी बहुधा अर्जदारालाच भरावी लागते. बसवलेला पार्टच बनावट किंवा सदोष असल्याचा संशय असेल तर आयोग तो प्रयोगशाळेकडे पाठवू शकतो. मग अहवालासाठी ४५ दिवसांची मुदत असते.

गाडी अडवून ठेवली तर

काम पटलं नाही, बिल देणार नाही, असं म्हणून लोक गाडी गॅरेजमध्येच सोडून येतात. करार कायद्याच्या कलम १७० प्रमाणे कसब लावून काम केलेल्या कारागिराला आपली वाजवी मजुरी मिळेपर्यंत वस्तू ताब्यात ठेवता येते. काम ठरल्याप्रमाणे झालंच नाही तर तो हक्क किती टिकतो हा वादाचा मुद्दा आहे. पण तो वाद चालू असताना गाडी उन्हापावसात पडून राहते आणि तिच्यासोबत पुरावाही सडतो. त्यापेक्षा पैसे भरा आणि हरकत नोंदवा. बिलाच्या दोन्ही प्रतींवर लिहा, ‘काम सदोष, हरकत राखून रक्कम भरली’. लिहू देत नसतील तर काउंटरवरूनच तसा ईमेल पाठवा.

गेट पाससोबत ‘काम समाधानकारक’ असा छापील कागद सहीला पुढे करतात. विम्यातून काम झालं असेल तर हा कागद नक्कीच येतो आणि विमा कंपनीकडे जातो. गाडी चालवून पाहिल्याशिवाय त्यावर सही करू नका. ‘फॉर्मॅलिटी आहे, सगळे करतात’ असं सांगतील. पुढे हाच कागद तुमच्याविरुद्ध लावला जातो.

नोटीस आणि मुदत

गॅरेजला लेखी नोटीस द्या: काय दिलं, काय झालं, काय हवं, किती दिवसांत. स्पीड पोस्टाने पाठवा, पोच जपून ठेवा. नोटीस नेमकी कुणाच्या नावाने हे मात्र पाहा. पाटीवर एक नाव असतं आणि बिलावर छापलेल्या जीएसटी क्रमांकामागे दुसरंच. जीएसटीच्या संकेतस्थळावर तो क्रमांक टाकला की मालकाचं किंवा कंपनीचं कायदेशीर नाव दिसतं. तेच विरुद्ध पक्ष म्हणून लिहा, नाहीतर आयोगाची नोटीस ‘या नावाचे कोणी नाही’ असा शेरा घेऊन परत येते आणि महिने जातात.

मुदत दोन वर्षांची, तक्रारीचं कारण घडल्यापासून. नेमकं इथेच वाचण्यात चूक होते. ती तुमच्या नोटिशीच्या तारखेपासून मोजत नाहीत, गॅरेजने शेवटचं ‘बघतो, करून देतो’ म्हटलं तेव्हापासूनही नाही. पत्रव्यवहार चालू ठेवल्याने मुदत वाढत नाही. १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवणं चांगलं, कधीकधी तेवढ्यावरच मिटतं, पण ते आयोगात दाखल करणं नव्हे. तो नोंद क्रमांक हातात धरून निर्धास्त बसलेल्या माणसाला मुदत गेल्याचं सांगणं फार जड जातं. उशीर झालाच असेल तर विलंब माफीचा अर्ज सबळ कारणासह जोडा.

दाखल करताना आणि नंतर

ग्राहक आयोगांच्या ई-जागृती संकेतस्थळावर खातं उघडून तक्रार, घटनाक्रम, कागदांची यादी, शपथपत्र आणि ओळखपत्र चढवायचं. व्हॉट्सॲप संभाषणाच्या प्रिंटसोबत भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ चं, म्हणजे इलेक्ट्रॉनिक पुराव्यासाठी लागणारं प्रमाणपत्र जोडा आणि मूळ संभाषण असलेला फोन विकू नका. मागणीत बिलाचा परतावा, पुन्हा दुरुस्तीचा खर्च, पर्यायी प्रवासाचा खर्च आणि मानसिक त्रासाची भरपाई वेगवेगळी लिहा. पावती नसलेले मोठे आकडे घातले की खऱ्या आकड्यांवरचाही विश्वास उडतो.

छाननीत त्रुटी निघतात: पान नीट दिसत नाही, सही राहिली, क्रमांक चुकला. सगळ्या एकदम सांगितल्या तर माणसाचे हेलपाटे वाचतील, पण पुष्कळदा एक निस्तरली की दुसरी निघते. दररोज खातं उघडून पाहा.

तक्रार दाखल करून घ्यायची की नाही हे साधारणपणे २१ दिवसांत ठरायला हवं. गॅरेजला लेखी जबाबासाठी नोटीस मिळाल्यापासून ३० दिवस आणि फार तर आणखी १५. त्यापुढे मुदत वाढवण्याचा अधिकार आयोगालाही नाही, असं सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने २०२० मध्ये ठरवलं आहे. सेहेचाळिसाव्या दिवशी जबाब आला तर हरकत तुम्हीच घ्यायची, तुमच्या वतीने कोणी घेत नाही. निकाल तीन महिन्यांत, तपासणी लागली तर पाच, असं कायदा म्हणतो. प्रत्यक्षात अध्यक्ष-सदस्यांच्या जागा रिकाम्या राहतात, तारखा पडतात, आणि सामान्य माणूस रजा टाकून येऊन परत जातो. हे चीड आणणारं आहे, पण तारीख चुकवू नका, गैरहजेरीत तक्रार निकाली निघू शकते. व्हिडिओवरून सुनावणीची सोय कायद्यात आहे, त्यासाठी अर्ज द्या.

मध्येच मध्यस्थीचा प्रस्ताव आला तर ऐकून घ्या. तडजोड झाली तर रक्कम आणि तारीख लेखी हवी. ‘गाडी मोफत करून देऊ’ एवढ्यावर सही करू नका, काय करून देणार आणि त्यावर किती महिन्यांची हमी, तेही लिहून घ्या.

आदेश तुमच्या बाजूने लागला तर गॅरेजला राज्य आयोगात अपिलासाठी ४५ दिवस असतात, आणि अपील करताना आदेशातल्या रकमेच्या निम्मी आधी भरावी लागते. अपीलही नाही आणि पैसेही नाहीत, असं झालं तर ग्राहक संरक्षण कायद्याच्या कलम ७१ खाली वसुलीचा आणि कलम ७२ खाली शिक्षेचा अर्ज त्याच जिल्हा आयोगात करता येतो. दुसऱ्यात एक महिना ते तीन वर्षं कैद किंवा २५ हजार ते एक लाख रुपये दंड, किंवा दोन्ही, अशी तरतूद आहे. त्यासाठी आदेशाची प्रमाणित प्रत लागते, ती निकालानंतर लगेच मागून ठेवा.