मीटर १२ व्होल्ट दाखवतो, तरी पंप का फिरत नाही?

वीस-पंचवीस वर्षं जुनी पेट्रोल कार. सेल्फ जोरात फिरतो, टाकीत पेट्रोल आहे, पण इंजिन काही उचलत नाही. टाकीतलं पेट्रोल इंजिनकडे ढकलणाऱ्या पंपाचा कपलर (वायरींचा प्लॅस्टिकचा जोड) काढून मीटर लावला तर १२ व्होल्ट दिसतात आणि निदान ठरून जातं, ‘पंप गेला’. ही घाई महागात पडते, कारण कपलर काढून घेतलेलं ते माप जवळपास निरुपयोगी असतं.

कार्ब्युरेटरच्या (पेट्रोल-हवा यांत्रिक पद्धतीने मिसळणाऱ्या) बहुतेक गाड्यांत पंप यांत्रिक होता, इंजिनच्या जोरावर चालणारा. एमपीएफआय, म्हणजे इंजेक्टरने पेट्रोल फवारणाऱ्या गाड्यांत तो टाकीत, पेट्रोलमध्ये बुडालेला असतो. साधारण ३ बार दाब द्यायला त्याची मोटर ४ ते ७ अँपिअर करंट घेते. हा करंट बॅटरीतून फ्यूज, रिले (छोट्या करंटने मोठा करंट चालू-बंद करणारा स्विच), लांबलचक वायर, कपलर असा पंपात जातो आणि अर्थ वायरवरून बॉडीमार्गे परत येतो. या वाटेवरचा प्रत्येक जोड जुना झालेला असतो.

सुरुवात कानाने करा. पेट्रोलचं झाकण उघडून चावी ऑन केली की २-३ सेकंद बारीक गुणगुण यायला हवी. तेवढ्यात दाब तयार होतो. मग इंजिन फिरल्याचा सिग्नल मिळाला नाही, तर ईसीयू (इंजिनचा कंप्युटर) पंप बंद करतो. म्हणून हा सिग्नल देणारा क्रँक सेन्सर गेला तरी पंप मेल्यासारखा वाटतो, पण तेव्हा चावी ऑन केल्यावरची ती गुणगुण बहुधा असते आणि स्पार्क नसतो.

गुणगुण नसेल, तर आधी फ्यूज. नवा टाकल्यावर लगेच उडाला, तर मोठ्या अँपिअरचा टाकू नका. वायर कुठेतरी बॉडीला टेकली आहे किंवा पंप जाम आहे. काही गाड्यांत धक्का बसल्यावर पंपाचा करंट तोडणारा इनर्शिया स्विच असतो, त्याचं बटण खड्ड्यातल्या दणक्यानेही वर येतं. पेट्रोलचा वास नाही याची खात्री करून मगच ते दाबा.

रिले ‘टक्’ वाजला म्हणजे चांगला, हा समज चुकीचा आहे. आवाज कॉइलचा असतो. आतले संपर्क जळलेले असू शकतात. हॉर्नचा रिले त्याच नंबरचा असेल, तर बदलून पाहा. नाहीतर रिले काढून त्याच्या सॉकेटमधल्या ३० आणि ८७ या खाचा १५ अँपिअर फ्यूज बसवलेल्या वायरने जोडा. पंप फिरला, तर दोष रिलेत किंवा त्याला मिळणाऱ्या हुकमात. नाही फिरला, तर वायरिंग, अर्थ किंवा पंप. टाकी रिकामी असताना हे करू नका, कारण पंपाला थंड ठेवणारं पेट्रोलच असतं. आणि टाकीजवळ पेट्रोलचा वास येत असेल, तर विजेच्या कुठल्याच जोडाला हात लावू नका.

आता खरं माप. कपलर जोडलेलाच ठेवा, त्याच्या मागून बारीक पिना सरकवा, पंपाला करंट सोडा आणि तेव्हाचे व्होल्ट बघा. बॅटरीवर १२.४ आणि पंपावर ९.१ दिसले, तर ३.३ व्होल्ट वाटेत हरवले. ते कुठे, हे शोधायला मीटरचं एक टोक बॅटरीच्या प्लसवर ठेवून दुसरं फ्यूज, रिले, कपलर असं पुढे पुढे न्या. जिथे आकडा एकदम उडी मारतो, तिथे दोष. सबंध प्लस बाजूला अर्ध्या व्होल्टपर्यंत घट चालते. अर्थची बाजू बॅटरीच्या मायनसपासून तशीच मोजा, तिथे ०.२ पेक्षा जास्त नको.

कपलर काढून हे का कळत नाही? मीटर जवळजवळ करंटच घेत नाही. दहापैकी एकच तार शिल्लक असलेली वायरसुद्धा त्याला पूर्ण १२ व्होल्ट देते. पंप ५ अँपिअर मागतो, तेव्हा अर्ध्या ओहमचा गंजका जोड २.५ व्होल्ट खातो आणि तिथेच १२.५ वॉट उष्णता तयार होते. कपलरचं प्लॅस्टिक तपकिरी होऊन वितळतं ते याच उष्णतेने. उष्णतेने जोड आणखी सैल होतो, अवरोध आणखी वाढतो. गाडी सकाळी सुरू होते आणि उन्हात तापल्यावर अडते, त्यामागे बरेचदा हे चक्र किंवा रिलेतला तडकलेला सोल्डर असतो. कोकणातल्या खाऱ्या दमट हवेत तर बॉडीवरचा अर्थचा स्क्रूच आधी गंजतो. उंदरांनी कुरतडलेली वायरही मागच्या सीटखाली शोधा.

पंपावर पूर्ण व्होल्ट आहेत, अर्थ ठीक आहे आणि करंट शून्य, तर मात्र पंपच गेला. टाकीला खालून हलकी थाप दिल्यावर फिरला, तर मोटरचे ब्रश झिजलेत. करंट नेहमीपेक्षा जास्त असेल, तर पंप घासतोय किंवा फिल्टर तुंबलाय. अशा वेळी फिल्टर न बदलता बसवलेला नवा पंपही लवकर जातो.

वितळलेल्या कपलरमध्ये नवा पंप जोडू नका. दोन्ही बाजूंच्या पिना बदला, वायर काळी पडलेल्या भागाच्या मागे कापून चकचकीत तांब्यावर क्रिंप करा, आणि पंप चालू ठेवून तीच घट पुन्हा मोजा.