घरातलं मॉर्फिन : वापर आणि साठवण

मॉर्फिन हे अफूपासून मिळणारं तीव्र वेदनाशामक औषध, ओपिऑइड गटातलं. आपल्याकडे त्याच्या गोळ्या घरी येतात त्या बहुतेक कॅन्सरच्या पेशंटसाठी. ट्रामाडॉल, टॅपेंटाडॉल, फेंटानिलचा पॅच (त्वचेवर चिकटवायची औषधाची पट्टी) ही याच गटातली बाकीची नेहमीची नावं.

भारतात मॉर्फिन आणि फेंटानिल 1985 च्या एनडीपीएस, म्हणजे अमली पदार्थांवरच्या कायद्याखाली येतात. पूर्वी परवाने इतके किचकट होते की मोठमोठ्या हॉस्पिटलमध्येही मॉर्फिन ठेवत नसत, 2014 च्या दुरुस्तीनंतर मान्यताप्राप्त संस्थांना ते ठेवणं सोपं झालं. तरी कोपऱ्यावरच्या मेडिकलमध्ये ते सहसा मिळत नाहीच, पॅलिएटिव्ह केअर सेंटरमधून (गंभीर आजारात वेदना आणि त्रास कमी करणारं केंद्र) मोजून आणावं लागतं. ट्रामाडॉलही 2018 पासून याच कायद्यात आलं.

घरच्यांना सगळ्यात मोठी भीती वाटते ती सवय लागेल याची, आणि 'मॉर्फिन सुरू केलं म्हणजे आता शेवट आला' ही दुसरी. या भीतीपोटी माणूस रात्रभर कण्हत असतो आणि गोळी डब्यात पडून असते, हे खरंच फार वाईट आहे. फक्त दुखायला लागल्यावर द्यायचं हे औषध नाही, घड्याळ बघून द्यायचं. साध्या गोळीचा असर साधारण 4 तास टिकतो म्हणून सकाळी 6, 10, दुपारी 2, संध्याकाळी 6 आणि रात्री 10 अशा वेळा लावून देतात, झोपतानाचा डोस बऱ्याचदा दुप्पट असतो, पण तो डॉक्टरांनी लिहून दिला असेल तरच. एक वेळ चुकली म्हणून पुढच्या वेळी दोन गोळ्या देऊ नयेत, आणि बरं वाटतंय म्हणून एकदम बंदही करू नये. एसआर लिहिलेली, म्हणजे औषध हळूहळू सोडणारी गोळी कुटून किंवा चावून दिली तर 12 तासांचं औषध एकदमच अंगात उतरतं, ते जिवावर बेतू शकतं.

बद्धकोष्ठता जवळजवळ सगळ्यांना होते, त्यामुळे पोट साफ होण्याचं औषध पहिल्या दिवसापासूनच सोबत असतं. नुसत्या इसबगोलावर भागत नाही, पाणी कमी पडलं तर उलट जास्त अडकतं. दारू आणि झोपेच्या गोळ्या यासोबत चालत नाहीत. किडनीचा त्रास असेल तर डॉक्टरांना आधीच सांगायचं, कारण औषध अंगात साचत जातं.

गडबड होते ती बहुधा दमलेल्या माणसाच्या हातून. रात्रपाळीला बसलेली सून दहाची गोळी देते आणि साडेदहाला उठलेला मुलगा परत देतो. भिंतीवरच्या कॅलेंडरवर वेळ आणि देणाऱ्याचं नाव लिहिलं की हे टळतं. पेशंट हाका मारूनही उठत नाही, श्वास फार मंद झालाय, डोळ्यांच्या बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या झाल्यात असं दिसलं तर वाट बघू नये, लगेच 108 ला फोन करावा. नॅलोक्झोनचं इंजेक्शन वेळेत मिळालं तर असर उतरवता येतो.

साठवणीत आपण फारच ढिले. फ्रिजवरच्या स्टीलच्या डब्यात बीपीच्या, शुगरच्या गोळ्यांसोबत हीही स्ट्रिप पडलेली असते, आणि सुट्टीत आलेल्या नातवंडांचा हात तिथवर पोचतो. लहान मुलाला एक गोळीही घातक ठरू शकते. म्हणून कुलपाच्या कपाटात, मूळ स्ट्रिपमध्येच, किल्ली एकाकडे आणि आठवड्याला मोजणी. उरलेली ट्रामाडॉल शेजारच्या काकांना कंबरेसाठी देण्याची पद्धतही सोडायला हवी, फिट येणाऱ्या माणसाला त्याने फिट येऊ शकते.

फेंटानिलचा पॅच 3 दिवस चालतो. त्यावर गरम पाण्याची पिशवी ठेवायची नाही, उष्णतेने औषध जास्त वेगाने शिरतं. काढलेल्या पॅचमध्येही बरंच औषध शिल्लक असतं, तो चिकट बाजू आत घेऊन दुमडायचा आणि मुलांच्या हाती लागणाऱ्या कचऱ्यात टाकायचा नाही. पेशंट गेल्यावर उरलेल्या गोळ्या जिथून आणल्या तिथेच मोजून परत द्याव्यात, दिवसकार्याच्या धावपळीत हे हमखास राहून जातं आणि कपाट महिनोन्महिने तसंच राहतं.